डोळे बांधून रुबिक्स क्यूब सोडवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यासाठी असामान्य स्मरणशक्ती लागते का?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात आधी दूर व्हायला हवा, कारण कितीतरी जण याच भीतीने हात लावत नाहीत. क्यूबच्या एकूण अवस्था ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,००० आहेत, हा आकडा ऐकला की छाती दडपते. पण लक्षात ठेवायचं असतं त्यातलं फारच थोडं. क्यूबवरचे ५४ रंग कुणी पाठ करत नाही. सहा बाजूंचे मधले तुकडे एकमेकांच्या संदर्भात जागचे हलत नाहीत. उरतात ८ कॉर्नर (कोपऱ्यातले, तीन रंगांचे तुकडे) आणि १२ एज (कडेचे, दोन रंगांचे तुकडे). यातला प्रत्येक तुकडा कुठे जायला हवा, एवढंच लक्षात ठेवायचं.

प्रत्येक जागेला एक अक्षर दिलं की एक स्क्रॅम्बल, म्हणजे विस्कटलेला क्यूब, साधारण वीस अक्षरांत मावतो. दोन-दोन अक्षरांचा एक शब्द केला की झाले दहा शब्द. दहा शब्दांची एखादी चमत्कारिक गोष्ट एकदा ऐकून तुम्ही आत्ताही परत सांगू शकाल.

डोळे बांधल्यावर मनात क्यूब दिसत असतो का?

दिसत नाही. दिसावा म्हणून प्रयत्नही करू नका, त्यानेच गोंधळ उडतो. नेहमी आपण थर लावत जातो तेव्हा एक तुकडा बसवताना बाकीचे पाच-सात विस्कटतात आणि आपण नव्याने बघून पुढची चाल ठरवतो. न बघता हे जमणं जवळपास अशक्य, कारण प्रत्येक चालीनंतर सगळ्या क्यूबचा हिशेब मनात ठेवावा लागेल.

म्हणून इथे पद्धतच वेगळी. एका वेळी एकच तुकडा त्याच्या जागी पाठवायचा आणि बाकी सगळं होतं तसं ठेवायचं. तसं करणारे अल्गोरिदम, म्हणजे चालींचे ठरलेले क्रम, आहेत. त्यामुळे सुरुवातीला बघून काढलेली अक्षरांची यादी शेवटपर्यंत खरी राहते. पहिलं अक्षर सोडवलं म्हणून दहावं बदलत नाही. हे एकदा नीट पटलं की अर्धी भीती जाते.

कोणत्या पद्धतीने सुरुवात करावी?

ओल्ड पॉखमन. श्टेफान पॉखमन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत संथ आहे, एका सॉल्व्हला तीनशेच्या वर चाली होतात, पण नवं पाठांतर फार थोडं. पर्म म्हणजे शेवटच्या थरातल्या तुकड्यांची अदलाबदल करणारा अल्गोरिदम. एजसाठी टी-पर्म, कॉर्नरसाठी वाय-पर्मचा छाटलेला प्रकार आणि पॅरिटीसाठी (ती काय ते पुढे येईल) आर-पर्म. तिसऱ्या थरासाठी हे तिन्ही तुम्ही आधीच शिकला असाल तर नवीन जवळपास काहीच नाही.

चालींच्या नावांत आर म्हणजे उजवी बाजू, यू वरची, एफ समोरची. नुसतं नाव म्हणजे घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, उलटा म्हणजे विरुद्ध दिशेने, दोनदा म्हणजे अर्धा फेरा. टी-पर्म असा : आर, यू, आर-उलटा, यू-उलटा, आर-उलटा, एफ, आर-दोनदा, यू-उलटा, आर-उलटा, यू-उलटा, आर, यू, आर-उलटा, एफ-उलटा. यात वरच्या थरातली उजवी आणि डावी एज एकमेकींच्या जागी जातात. सोबत उजवीकडचे वरचे दोन कॉर्नरही अदलाबदल होतात. त्यांचं काय करायचं ते पॅरिटीच्या प्रश्नात येईल.

कॉर्नरचा अल्गोरिदम : आर, यू-उलटा, आर-उलटा, यू-उलटा, आर, यू, आर-उलटा, एफ-उलटा, आर, यू, आर-उलटा, यू-उलटा, आर-उलटा, एफ, आर. नेहमीच्या वाय-पर्मची पहिली आणि शेवटची चाल काढून टाकली की हाच उरतो.

काही जण थेट प्रगत पद्धतीने सुरुवात करायला सांगतात. माझं मत उलट आहे. पहिला यशस्वी सॉल्व्ह जितका लवकर हाती येईल तितकं चांगलं, कारण तोपर्यंत हे आपल्याला जमणारं आहे यावर मनापासून विश्वास बसत नाही.

अक्षरं कशी द्यायची? इंग्रजीच वापरावी लागतात का?

मुळीच नाही. जगभर प्रचलित असलेली स्पेफ्झ नावाची मांडणी रोमन लिपीतल्या पहिल्या २४ अक्षरांची आहे, पण मराठीत विचार करणाऱ्याने देवनागरी अक्षरं वापरावीत असं मी आग्रहाने सांगेन. आपल्या व्यंजनात स्वर आधीच असतो, त्यामुळे दोन अक्षरं शेजारी ठेवली की ती लगेच उच्चारता येतात.

क्यूब नेहमी एकाच पद्धतीने धरा : वर पांढरा, समोर हिरवा. मग उजवीकडे लाल, डावीकडे केशरी, मागे निळा आणि खाली पिवळा येतो. आता प्रत्येक बाजूला चार अक्षरं :

वर क ख ग घ, डावीकडे च ज झ ट, समोर ड त द न, उजवीकडे प फ ब भ, मागे म य र ल, खाली व श स ह.

एजसाठी त्या बाजूकडे तोंड करून बघायचं आणि वरच्या एजपासून घड्याळाच्या दिशेने अक्षरं द्यायची. म्हणजे समोरच्या बाजूवर वरची एज ड, उजवी त, खालची द, डावी न. कॉर्नरसाठी तीच अक्षरं डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून त्याच दिशेने. प्रत्येक एजला दोन आणि प्रत्येक कॉर्नरला तीन अक्षरं मिळतात, कारण अक्षर तुकड्याला नसून स्टिकरला असतं. तुकडा कुठे जायचा आणि कोणत्या अंगाने बसायचा, या दोन्ही गोष्टी एकाच अक्षरात येतात.

छ, ठ, ण, ळ वगैरे मुद्दाम गाळली आहेत. त्यांनी सुरू होणारे शब्द कमी आहेत किंवा ती शेजारच्या अक्षराच्या उच्चाराशी घोटाळतात. तुम्हाला दुसरी अक्षरं सोयीची वाटली तर बदला, पण एकदा ठरवल्यावर पुन्हा बदलू नका.

अक्षरांची यादी प्रत्यक्षात कशी काढायची? एक उदाहरण द्याल का?

एजसाठी वरच्या थरातली उजवी जागा हा आपला बफर. सगळी अदलाबदल इथूनच होते. समजा बफरमध्ये वरच्या अंगाला हिरवा आणि उजव्या अंगाला केशरी स्टिकर दिसतोय. ही हिरवी-केशरी एज समोर आणि डावीकडे यांच्या मधली. आपण वरचा, म्हणजे हिरवा स्टिकर बघतोय, तेव्हा त्याची जागा समोरच्या बाजूवर, डावीकडे. अक्षर न.

आता न वर कोण बसलंय ते बघा. तिथे निळा स्टिकर, आणि त्याच एजचा दुसरा रंग लाल. तो जाणार मागच्या बाजूवर, लाल बाजूला लागून. अक्षर ल. न आणि ल, म्हणजे नाल. घोड्याचा नाल.

ल वर पांढरा स्टिकर, जोडीला हिरवा : अक्षर ग. ग वर पिवळा, जोडीला हिरवा : अक्षर व. गवत. आणि व वर पांढरा, जोडीला लाल. हा तर बफरचाच तुकडा! साखळी इथे संपली. मनात उरलं एवढंच : गवतात पडलेला घोड्याचा नाल. चार तुकड्यांचा हिशेब या एका चित्रात आला. (शब्दातली पहिली दोन व्यंजनं तेवढी मोजायची. गवतमधला त सजावटीचा.)

आता न सोडवायचा कसा? टी-पर्म बफरची अदलाबदल वरच्या थरातल्या डाव्या एजशी करतो. म्हणून न वरची एज आधी तिथे आणायची : डावी बाजू एकदा उलटी फिरवा, टी-पर्म करा, डावी बाजू परत सुलटी फिरवा. झाला न. ल साठी खालचे दोन थर मिळून अर्धा फेरा फिरवला की तो न च्या जागी येतो. पुढे न चीच चाल करायची आणि सगळं उलट क्रमाने मागे घ्यायचं. या आधीच्या चालींना सेटअप म्हणतात. एजच्या सेटअपमध्ये बफर आणि उजवीकडचे वरचे दोन कॉर्नर हलता कामा नयेत, हा एकच नियम पाळायचा.

कॉर्नरचंही असंच असतं का?

तत्त्व तेच. बफर वरच्या थरातला मागचा-डावा कॉर्नर. अल्गोरिदम त्याची अदलाबदल समोरच्या-उजव्या-खालच्या कॉर्नरशी करतो, तीही उजव्या अंगाकडून, म्हणजे भ शी. सेटअपसाठी उजवी, समोरची आणि खालची बाजू फिरवायची. बाकीच्या बाजूंना हात लावायचा नाही.

इथे एक तपासणी फुकटात मिळते. कॉर्नरच्या बफरची अक्षरं क, च, य आहेत, एजच्या बफरची ख आणि प. कॉर्नरच्या यादीत क, च, य आणि एजच्या यादीत ख, प कधीच यायला नकोत. आली, तर वाचताना कुठेतरी चूक झाली आहे.

साखळी लवकर संपली आणि तुकडे शिल्लक राहिले तर?

वरच्या उदाहरणात तेच झालं. चार अक्षरांनंतर बफरचा तुकडा सापडला, पण बाकीच्या एज अजून चुकीच्या जागी असू शकतात. अशा वेळी न सुटलेली कोणतीही एक जागा निवडा, तिचं अक्षर यादीत लिहा (अर्थात मनात) आणि तिथून पुढे साखळी चालू ठेवा. ज्या तुकड्यापासून सुरुवात केली त्याच तुकड्याचं अक्षर परत आलं की तेही यादीत घ्या आणि थांबा. नवखे लोक नेमकं हे शेवटचं अक्षर विसरतात.

जागेवरच असलेली पण उलटी बसलेली एज म्हणजे दोनच अक्षरांची साखळी : आधी एका स्टिकरचं अक्षर, मग दुसऱ्याचं. जागेवर पिळलेल्या कॉर्नरचंही तसंच. यादी पूर्ण झाल्यावर क्यूबवर एकदा नजर फिरवून असे तुकडे राहिले नाहीत ना ते बघायची सवय लावा. साखळीत ते येत नाहीत, त्यामुळे हमखास निसटतात.

पॅरिटी म्हणजे काय?

टी-पर्म प्रत्येक वेळी दोन कॉर्नरही हलवतो हे वर आलंच आहे. दोनदा केला की ते परत जागेवर येतात. म्हणजे एजची अक्षरं सम संख्येत असतील तर काळजी नाही. विषम असतील तर दोन कॉर्नर अदलाबदल होऊन राहतात. क्यूबच्या रचनेमुळे एजची अक्षरं विषम असली की कॉर्नरचीही विषमच येतात, आणि असं सरासरी दर दुसऱ्या स्क्रॅम्बलमध्ये होतं.

उपाय सोपा : एज संपल्या की, कॉर्नर सुरू करण्याआधी, वरच्या थरातल्या मागच्या व डाव्या एजची आणि उजवीकडच्या दोन कॉर्नरची अदलाबदल करणारा आर-पर्म एकदा करायचा. लक्षात ठेवायलाही वेगळं काही नको. शेवटी एक अक्षर एकटं उरलं, जोडी जमली नाही, की पॅरिटी आहे.

एज आणि कॉर्नर, एक सम आणि एक विषम आलं, तर डोळे बांधूच नका. यादी चुकली आहे, परत काढा.

शब्द लक्षात कसे ठेवायचे?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ द्या. अल्गोरिदम आठवड्याभरात हातात बसतात. लक्षात ठेवण्याची कला पुढची कितीतरी वर्षं सुधारत राहते.

पहिला मार्ग गोष्टीचा. नाल, गवत, पुढे झ-र आलं तर झरा, द-र आलं तर दार. गवतात नाल सापडला, तो उचलला तर खालून झरा फुटला, पाणी थेट दारात. जितकं विचित्र तितकं पक्कं. पुस्तक, पेन, टेबल अशी निर्जीव, शांत चित्रं पुसली जातात. काहीतरी फुटलं पाहिजे, सांडलं पाहिजे, कुणीतरी ओरडलं पाहिजे.

दुसरा मार्ग जागांचा. ओळखीच्या घरातून मनातल्या मनात ठरलेल्या क्रमाने चालायचं आणि प्रत्येक जागी दोन चित्रं ठेवत जायची. चपलांच्या रॅकवर गवत उगवलंय, त्यात नाल अडकलाय. पुढे पंख्याला काहीतरी लटकतंय. ही युक्ती फार जुनी आहे. ग्रीक कवी सिमोनिडीसच्या नावाने सांगितली जाणारी तिची कथा सिसेरोने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहून ठेवली आहे. एका क्यूबला पाच-सहा जागा पुरतात. तेच घर लागोपाठ वापरलं तर आधीच्या स्क्रॅम्बलची चित्रं मध्ये घुसतात, म्हणून तीन-चार वेगवेगळे मार्ग तयार ठेवा आणि आलटून पालटून वापरा.

तिसरा मार्ग नुसत्या आवाजाचा. अक्षरं मंत्रासारखी पुटपुटत राहायची : "नल-गव-दर-झर". आवाज कानात थोडाच वेळ टिकतो, पण तेवढा पुरतो. म्हणून अनुभवी लोक आधी कॉर्नर चित्रांनी लक्षात ठेवतात, मग एज आवाजाने, आणि डोळे बांधल्यावर लगेच एज सोडवून टाकतात. कॉर्नरची चित्रं तोवर मजेत थांबतात.

प्रत्येक जोडीसाठी एक कायमचा शब्द ठरवून तक्ता करावा का? करावा, पण एका बैठकीत बसून नाही. सराव करता करता जो शब्द पटकन सुचतो तो लिहून ठेवा. ज-झ किंवा ह-झ सारख्या अडेलतट्टू जोड्यांना एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव किंवा चक्क निरर्थक आवाज द्या. तुमच्या डोक्यात चित्र उभं राहिलं म्हणजे झालं.

पहिल्याच दिवशी डोळे बांधायचे का?

नको. आधी डोळे उघडे ठेवून, यादी कागदावर लिहून, फक्त एज सोडवा. त्या जमल्या की फक्त कॉर्नर. मग दोन्ही, अजूनही कागदावर बघून. मग कागद बाजूला. डोळ्यांवर पट्टी सगळ्यात शेवटी. हे टप्पे गाळून पुढे गेलेल्या माणसाला चूक वाचनात झाली, स्मरणात झाली की हातात झाली हेच कळत नाही.

रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवड्यांत पहिला यशस्वी सॉल्व्ह व्हायला हरकत नाही. त्याला वीस मिनिटं लागली तरी लागू द्या. घड्याळ कपाटात ठेवा.

पट्टी काढली आणि क्यूब सुटलेला नाही. काय चुकलं हे कसं ओळखायचं?

क्यूब लगेच विस्कटू नका! तो चुकीचा क्यूबच तुमचा सगळ्यात चांगला शिक्षक आहे.

तीन एज किंवा तीन कॉर्नर आपापसात फिरलेले दिसले तर एखादं अक्षर चुकीचं वाचलं, किंवा जोडीतली अक्षरं उलट क्रमाने केली. दोन एज जागेवरच पण उलट्या असतील तर तुकडा बरोबर ओळखला, स्टिकर मात्र दुसऱ्या अंगाचा घेतला. दोन कॉर्नर पिळलेले असतील तर तेच, किंवा पिळलेला कॉर्नर बघायचा राहिला. दोन एज आणि दोन कॉर्नर अदलाबदल झाले असतील तर पॅरिटी विसरलात किंवा एक अक्षर गाळलं. आणि सगळाच क्यूब विस्कटलेला असेल तर स्मरणशक्तीला दोष देऊ नका. कुठेतरी सेटअप मागे घ्यायचा राहिला किंवा अल्गोरिदममध्ये हात घसरला.

हातावर येणारा दोष कमी करायचा असेल तर चुंबक असलेला, बाजू अचूक जागी थांबणारा क्यूब घ्या. न बघता फिरवताना अर्धवट फिरलेली बाजू कळत नाही आणि पुढची चाल अडकते. चाली मुद्दाम सावकाश, सारख्या लयीत करा.

ओल्ड पॉखमननंतर काय शिकायचं?

एजसाठी एम-टू. इथे मधला उभा थर अर्धा फेरा फिरवणं हाच अल्गोरिदम, त्यामुळे चाली एकदम कमी होतात. बफर बदलतो, समोरची खालची एज होतो, म्हणून सुरुवातीचे काही दिवस गोंधळ होईल. कॉर्नर जुन्याच पद्धतीने चालू ठेवता येतात.

त्यापुढे थ्री-स्टाइल. यात एका फटक्यात दोन अक्षरं सुटतात. एका बफरसाठी कॉर्नरचे ३७८ आणि एजचे ४४० प्रकार होतात, पण ते घोकायचे नसतात. त्यांच्या मागचं कम्युटेटरचं तत्त्व (चालींचे दोन गट करायचे आणि मग तेच दोन्ही उलटे करायचे) समजून घेतलं तर बरेचसे तुमचे तुम्हाला रचता येतात. जगातले सगळ्यात वेगवान लोक याच पद्धतीने बघणं आणि सोडवणं मिळून साधारण १२ सेकंदांपर्यंत पोहोचले आहेत.

स्पर्धेत नियम काय असतात?

क्यूबवरचं झाकण उचललं की वेळ सुरू होतो आणि सोडवून होईपर्यंत थांबत नाही. म्हणजे बघण्याचा वेळही धरला जातो. बघताना क्यूब पूर्ण हातात घेऊन फिरवता येतो, बाजू फिरवता येत नाही. काही लिहून ठेवता येत नाही. पट्टी बांधल्यावर पंच चेहरा आणि क्यूब यांच्यामध्ये आडोसा धरतात. बोटांना ओळखू येईल अशी कोणतीही खूण क्यूबवर चालत नाही. हा प्रकार २००३ च्या टोरांटोच्या जागतिक स्पर्धेतही होता. आज नियम ठरवणारी वर्ल्ड क्यूब असोसिएशन त्यानंतर, २००४ मध्ये सुरू झाली.

चार आणि पाच थरांच्या क्यूबचेही वेगळे प्रकार आहेत. मल्टी-ब्लाइंड त्याहून थक्क करणारा : एक तास, हवे तितके क्यूब, सगळे आधी लक्षात ठेवायचे आणि मग पट्टी बांधून एकामागून एक सोडवायचे. सुटलेल्यांतून न सुटलेले वजा केले की गुण. २०२२ मध्ये ग्रॅहम सिगिन्स यांनी ६५ पैकी ६२ क्यूब सोडवले, तेही तासाच्या आत.

लहान मुलांना जमतं का?

क्यूब सोडवता येत असेल आणि अक्षरओळख पक्की असेल तर जमतं. चित्रविचित्र गोष्टी रचण्यात तर मुलं मोठ्यांच्या पुढे असतात.

मध्येच एखादा शब्द आठवलाच नाही तर?

थांबा. क्यूब आहे तसा, पांढरा वर आणि हिरवा समोर, घट्ट धरून ठेवा. वेळ जाऊ द्या. गोष्टीच्या सुरुवातीपासून परत चाला, बऱ्याचदा आधीच्या चित्राच्या शेपटाला धरून हरवलेलं चित्र येतं. तरीही नाही आलं तर वजाबाकी करा : कोणत्या जागांची अक्षरं आत्तापर्यंत आली आणि पुढच्या शब्दांत येणार आहेत ते मोजा. बारा एजमधली एखादी जागा कुठेच आली नसेल आणि ती सुरुवातीला सुटलेली नव्हती हे आठवत असेल, तर हरवलेलं अक्षर तिच्या दोन स्टिकरपैकी एक आहे. तो स्टिकर बघितल्याचं अंधुक आठवतं का, तो उच्चारून बघा. नसेल आठवत तर दोनातलं एक निवडा आणि पुढे चला.